खान्देशातले विधानसभा निकाल आणि पक्षांचं बदलतं बळ: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

निकालाच्या दिवशी दुपारपासून फोन सुरू होतो. कुणी अहिराणीत विचारतं, "कोन निवडी उना?" (कोण निवडून आलं?) कुणी मोबाइलवर आलेला आकडा पाठवून खरा की खोटा ते विचारतं. २०२४ च्या विधानसभेनंतर हे थांबलंच नाही. तेच प्रश्न पुन्हा पुन्हा आले म्हणून सगळे एका जागी आणले आहेत. मी शिक्षक होतो. मतदानाची आणि मतमोजणीची ड्यूटी अनेकदा केली आहे, त्यामुळे काही उत्तरं टेबलावर बसून पाहिलेली आहेत. जिथे माझं मत आहे तिथे ते माझं आहे असं लिहिलं आहे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे पुन्हा न सांगता प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खान्देशात विधानसभेच्या एकूण जागा किती?

वीस. नंदुरबार जिल्ह्यात ४, धुळ्यात ५ आणि जळगावात ११.

नंदुरबार: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर. धुळे: साक्री, धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा, शिरपूर. जळगाव: चोपडा, रावेर, भुसावळ, जळगाव शहर, जळगाव ग्रामीण, अमळनेर, एरंडोल, चाळीसगाव, पाचोरा, जामनेर, मुक्ताईनगर.

राज्यातला क्रमांक १ चा मतदारसंघ अक्कलकुवा, म्हणजे २८८ ची मोजणी आपल्याकडूनच सुरू होते. त्याच मतदारसंघात नर्मदेकाठचं मणिबेली आहे. तिथे मतदान पथक सरदार सरोवराच्या फुगवट्यातून बोटीने जातं.

मालेगाव आणि बागलाणला अहिराणी बोलली जाते, म्हणून अनेक जण ते भाग खान्देशात धरतात. भाषेच्या नात्याने ते बरोबरही आहे. पण ते नाशिक जिल्ह्यात येतात, म्हणून इथल्या आकड्यांत ते धरलेले नाहीत. लोकसभेच्या वेळी मात्र त्यांचा विचार करावाच लागतो (प्रश्न ६).

२. आमचा तालुका एवढा मोठा, मग त्याच्या नावाचा मतदारसंघ का नाही?

हा प्रश्न सर्वाधिक पारोळा, यावल आणि तळोद्याहून येतो. २००८ च्या पुनर्रचनेत जुने मतदारसंघ मोडून नवे आखले गेले आणि त्यांवर पहिली निवडणूक २००९ ला झाली. यावल, पारोळा, तळोदा, अक्राणी, कुसुंबा ही मतदारसंघांची नावं तेव्हा गेली. एदलाबादचं मुक्ताईनगर झालं.

आज पारोळा तालुक्याचा बराचसा भाग एरंडोल मतदारसंघात आहे. धरणगाव जळगाव ग्रामीणमध्ये, भडगाव पाचोऱ्यात, बोदवड मुक्ताईनगरात, तळोदा शहाद्यात आणि धडगाव अक्कलकुव्यात मतदान करतं. यावल तालुका रावेर आणि चोपडा या दोन मतदारसंघांत विभागला आहे. एकाच तालुक्यातल्या लोकांना दोन आमदारांचे उंबरे झिजवावे लागतात, ही तक्रार मला रास्त वाटते.

याच कारणाने २००४ आणि त्याआधीच्या निकालांची आजच्या निकालांशी जागेला जागा लावून तुलना करू नका. नाव तेच असलं तरी गावं बदललेली असतात.

३. २०२४ ला खान्देशात कोणाला किती जागा मिळाल्या?

मतदान २० नोव्हेंबरला आणि मोजणी २३ नोव्हेंबर २०२४ ला झाली. भाजप ११, शिवसेना ७, राष्ट्रवादी काँग्रेस १, काँग्रेस १. महायुतीचे १९ आणि महाविकास आघाडीचा एकच.

शिवसेना म्हणजे इथे एकनाथ शिंदे यांचा धनुष्यबाणाचा पक्ष आणि राष्ट्रवादी म्हणजे अजित पवार यांचा घड्याळाचा पक्ष. मशाल (उद्धव ठाकरे यांची शिवसेना) आणि तुतारी (शरद पवार यांची राष्ट्रवादी) यांना खान्देशात एकही जागा मिळाली नाही.

भाजप: शहादा, नंदुरबार, धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा, शिरपूर, रावेर, भुसावळ, जळगाव शहर, चाळीसगाव, जामनेर. शिवसेना: अक्कलकुवा, साक्री, चोपडा, जळगाव ग्रामीण, एरंडोल, पाचोरा, मुक्ताईनगर. राष्ट्रवादी: अमळनेर. काँग्रेस: नवापूर.

४. २००९ पासून पक्षांचं बळ कसं बदलत गेलं?

चारही निवडणुका याच वीस जागांवर झाल्या, त्यामुळे त्यांची तुलना करता येते.

२००९: राष्ट्रवादी ६, काँग्रेस ४, भाजप ३, शिवसेना ३, अपक्ष २, समाजवादी पक्ष १, लोकसंग्राम (धुळ्याच्या अनिल गोटे यांचा पक्ष) १.

२०१४: भाजप १०, काँग्रेस ५, शिवसेना ३, राष्ट्रवादी १, अपक्ष १.

२०१९: भाजप ८, काँग्रेस ४, शिवसेना ४, अपक्ष २, राष्ट्रवादी १, एमआयएम १.

२०२४: भाजप ११, शिवसेना ७, राष्ट्रवादी १, काँग्रेस १.

सर्वांत मोठी पडझड २०२४ ची नाही. २००९ ते २०१४ या एका टप्प्यात राष्ट्रवादी सहावरून एकावर आली आणि भाजप तिनावरून दहावर गेला. त्या वर्षी चारही मोठे पक्ष वेगवेगळे लढले होते, तरी भाजपला दहा मिळाल्या. २०१९ ला युती असूनही त्यांच्या दोन कमी झाल्या. काँग्रेस तीन निवडणुका चार-पाच जागांवर टिकून होती. ती २०२४ ला एकावर आली. ज्या फैजपूरला १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यातलं पहिलं अधिवेशन भरलं, ते ज्या रावेर मतदारसंघात आहे तोही या वेळी गेला.

५. मग मतदार बदलला की आमदारांनी पक्ष बदलला?

माझ्या लेखी या पानावरचा हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आहे, म्हणून उत्तर लांब आहे.

नुसते पक्षांचे आकडे पाहिले तर २०१९ ते २०२४ मध्ये सहा जागांचा रंग बदलला. अक्कलकुवा, धुळे ग्रामीण आणि रावेर काँग्रेसकडून गेल्या, धुळे शहर एमआयएमकडून गेलं, साक्री आणि मुक्ताईनगर अपक्षांकडून शिवसेनेकडे आली. आता पक्ष बाजूला ठेवून फक्त माणसांची नावं वाचा. वीसपैकी चौदा मतदारसंघांत २०१९ ला निवडून आलेली व्यक्तीच २०२४ ला पुन्हा आली. साक्रीच्या मंजुळा गावित आणि मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील त्यांतच आहेत. आधी अपक्ष होते, आता धनुष्यबाणावर आले.

उरलेल्या सहापैकी दोन ठिकाणी घर तेच राहिलं. चोपड्यात लता सोनवणे यांच्या जागी त्यांचे पती चंद्रकांत सोनवणे आले. ते २०१४ लाही आमदार होते. एरंडोलला चिमणराव पाटील यांच्या जागी त्यांचे चिरंजीव अमोल पाटील आले.

म्हणजे खरोखर नवा माणूस, नवं घर आणि नवा पक्ष अशा जागा चारच. अक्कलकुव्यात आमश्या पाडवी, धुळे ग्रामीणमध्ये राम भदाणे, धुळे शहरात अनुप अग्रवाल आणि रावेरला अमोल जावळे. रावेरची गोष्टही पूर्ण नवी नाही. २००९ ला शिरीष चौधरी, २०१४ ला हरिभाऊ जावळे, २०१९ ला पुन्हा शिरीष चौधरी असा तिथला क्रम होता. २०२४ ला या दोघांची मुलं, धनंजय चौधरी आणि अमोल जावळे, समोरासमोर आली.

आणखी मागे गेलात तर हेच जास्त ठळक दिसतं. विजयकुमार गावित १९९५ ला अपक्ष म्हणून निवडून आले, मग राष्ट्रवादीकडून आणि २०१४ पासून भाजपकडून. नंदुरबारने निशाणी दोनदा बदलली, माणूस तोच ठेवला. शिरपूरला काशीराम पावरा २००९ आणि २०१४ ला पंजावर आले, २०१९ आणि २०२४ ला कमळावर. भुसावळला संजय सावकारे २००९ ला घड्याळावर आले, त्यानंतर तीनदा कमळावर. भाजपच्या आजच्या अकरांपैकी हे तिघं आधी दुसरीकडून निवडून आलेले आहेत.

म्हणून "खान्देशने अमुक पक्षाला कौल दिला" हे वाक्य मला अर्धवट वाटतं. शिरपूरच्या मतदाराने २०१४ ला पंजा आणि २०१९ ला कमळ दाबलं तेव्हा त्याचं राजकीय मत बदललं, असं त्या आकड्यावरून सिद्ध होत नाही. त्याने ओळखीच्या माणसाला धरून ठेवलं, एवढंच दिसतं. उलट धुळे ग्रामीणमध्ये दोन वेळच्या आमदाराचा मोठ्या फरकाने पराभव झाला. तिथे मतदार हलला असं नक्की म्हणता येतं. दोन्ही एकाच बेरजेत टाकले की हा फरक दिसेनासा होतो.

६. लोकसभेला धुळे आणि नंदुरबार काँग्रेसने जिंकले होते. सहा महिन्यांत उलटं कसं झालं?

दोन्ही ठिकाणची गोष्ट वेगळी आहे.

धुळे लोकसभा मतदारसंघात धुळे ग्रामीण, धुळे शहर, शिंदखेडा यांच्यासोबत नाशिक जिल्ह्यातले मालेगाव मध्य, मालेगाव बाह्य आणि बागलाण येतात. काँग्रेसच्या शोभा बच्छाव ३,८३१ मतांनी जिंकल्या. भाजपचे सुभाष भामरे फक्त मालेगाव मध्यमध्ये मागे होते, पण तिथली पिछाडी बाकी पाचही ठिकाणच्या आघाडीपेक्षा मोठी निघाली. म्हणजे धुळे जिल्ह्यातल्या तिन्ही विधानसभा क्षेत्रांत भाजप लोकसभेलाच पुढे होता. इथे सहा महिन्यांत काही उलटलं नाही. खासदार निकालाने ते झाकलं गेलं होतं, एवढंच.

नंदुरबारला मात्र फरक खरा आहे. गोवाल पाडवी दीड लाखाहून जास्त मतांनी खासदार झाले आणि सहा महिन्यांनी त्यांचे वडील के. सी. पाडवी अक्कलकुव्यात पडले. लोकसभेला लढत सरळ दोघांत होती. विधानसभेला ती तिरंगी झाली. भाजपच्या माजी खासदार हीना गावित पक्षाबाहेर पडून अक्कलकुव्यात अपक्ष उभ्या राहिल्या. आमश्या पाडवी यांना ७२,६२९, के. सी. पाडवी यांना ६९,७२५ आणि हीना गावित यांना ६६,८४२ मतं पडली. तिघांत सहा हजारांचंही अंतर नाही.

दरम्यान ऑगस्ट २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे महिना १,५०० रुपये खात्यात येऊ लागले होते. त्याचा परिणाम झाला असं मलाही वाटतं, पण तो किती झाला हे निकालाच्या आकड्यांवरून मोजता येत नाही. जो नेमका टक्का सांगतो त्याला हिशेब मागा.

७. सर्वांत अटीतटीची आणि सर्वांत एकतर्फी लढत कोणती?

अटीतटीची नवापूरची. काँग्रेसचे शिरीषकुमार नाईक यांना ८७,१६६ आणि अपक्ष शरद गावित यांना ८६,०४५. फरक १,१२१. राष्ट्रवादीचे भरत गावित तिसरे राहिले आणि त्यांनीही पन्नास हजारांवर मतं घेतली. खान्देशात काँग्रेसची उरलेली एकमेव जागा इतक्या बारीक धाग्यावर टिकली आहे. शरद गावित नवापूरला नवखे नाहीत. २००९ ला समाजवादी पक्षाकडून ते इथूनच आमदार झाले होते.

त्यानंतर अक्कलकुवा, फरक २,९०४. तिथे २०१९ लाही आमश्या पाडवी आणि के. सी. पाडवी यांच्यातच लढत होती आणि तेव्हा के. सी. पाडवी दोन हजारांच्या आसपास मतांनी तरले होते.

एकतर्फी शिरपूर. काशीराम पावरा १ लाख ४५ हजारांहून अधिक मतांनी जिंकले. त्या निवडणुकीत राज्यातलं ते सर्वांत मोठं मताधिक्य होतं.

पुढच्या वेळी बदल कुठे होईल असं विचारणाऱ्यांना मी आधी हा फरकाचा रकाना वाचायला सांगतो.

८. राज्यात काँग्रेसला शिंदेंच्या शिवसेनेइतकीच मतं, मग जागांत एवढा फरक कसा?

आकडे खरे आहेत. काँग्रेसला १२.४२ टक्के मतं आणि १६ जागा, शिवसेनेला १२.३८ टक्के आणि ५७ जागा. भाजपला २६.७७ टक्के आणि १३२.

ज्याला सर्वांत जास्त मतं तो निवडून येतो, दुसऱ्या क्रमांकाच्या मतांना काही मिळत नाही. काँग्रेसने शंभरावर जागा लढवल्या आणि त्यांतल्या बहुतेक ठिकाणी ती दुसरी राहिली. शिवसेनेने ८० च्या आसपास लढवल्या आणि दर जागी मतं जास्त घेतली. खान्देशातलं उदाहरण अक्कलकुव्याचं (प्रश्न ६). जवळपास ७० हजार मतं मिळाली, पण जागांच्या रकान्यात शून्य.

९. सकाळी आमचा उमेदवार पुढे होता, दुपारी मागे पडला. मध्ये काही गडबड झाली का?

हा प्रश्न रागाने विचारला जातो. राग मी समजू शकतो, म्हणून टेबलावर काय होतं ते सांगतो.

२०२४ ला सकाळी आठला टपाली मतांपासून सुरुवात झाली, अर्ध्या तासाने यंत्रं सुरू झाली. सभागृहात साधारण १४ टेबलं असतात. स्ट्राँगरूममधून कंट्रोल युनिट आपल्या टेबलावर येतं. पेटी उघडायची, यंत्राचा क्रमांक आणि कागदी सीलचा क्रमांक १७-सी नमुन्याशी (मतदान संपताच केंद्रावर भरलेला मतांच्या नोंदीचा कागद) ताडून पाहायचा आणि जाळीपलीकडच्या प्रतिनिधींना दाखवायचा. मग निकालाचं बटण. उमेदवारांचे आकडे एकामागून एक छोट्या पडद्यावर येतात. जाळीला कपाळ टेकवून बसलेले सगळ्या पक्षांचे पोरं ते आपापल्या वहीत टिपतात. कुणाला आकडा नीट दिसला नाही की "सर, परत दाखवा" असा आवाज येतो आणि आपण बटण पुन्हा दाबतो. माझ्या एका ड्यूटीला एकाच यंत्राचं बटण चारदा दाबलं होतं. चारही वेळा आकडा तोच आला आणि तो पोरगा मान हलवून खाली बसला.

आता फेरीचं. चौदा टेबलं म्हणजे एका फेरीत चौदा केंद्रं. ती साधारण केंद्रांच्या क्रमाने घेतात आणि क्रम मतदारसंघाच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. म्हणून पहिल्या चार फेऱ्या एकाच पट्ट्यातल्या असतात. एरंडोलसारख्या दोन तालुक्यांच्या मतदारसंघात एक तालुका संपून दुसरा सुरू झाला की लीड फिरतं. उमेदवाराचं गाव कोणत्या फेरीत आहे ते माहीत असलेला कार्यकर्ता शेवटची फेरी होईपर्यंत गुलालाची गोणी सोडत नाही.

१०. संध्याकाळी पाचनंतर मतदानाचा टक्का एवढा कसा वाढला?

राज्याचा पाच वाजताचा आकडा ५८.२२ होता आणि शेवटचा ६६.०५. यावरून राज्यभर वाद झाला.

मतदान सहापर्यंत होतं आणि सहाला रांगेत असलेल्या प्रत्येकाला चिठ्ठी देऊन मतदान करू देतात. पाचचा आकडा केंद्रावरून फोनने किंवा ॲपने कळवलेला, अंदाजाचा असतो. अक्कलकुवा-धडगावच्या डोंगरात रेंज नसलेल्या केंद्राचा आकडा पथक खाली उतरल्यावरच मिळतो. निवडणूक आयोगाचं स्पष्टीकरण याच धर्तीचं होतं.

तुमचं समाधान झालं नसेल तर नुसता टक्का धरून वाद घालू नका, कागद काढा. मतदान संपताच केंद्राध्यक्ष १७-सी ची प्रत प्रत्येक पक्षाच्या प्रतिनिधीला देतो. त्यावर एकूण मतं लिहिलेली असतात. निकालानंतर नमुना २० मध्ये केंद्रवार मतं जाहीर होतात आणि तो राज्याच्या मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांच्या संकेतस्थळावर मिळतो. दोन्ही शेजारी ठेवून आपल्या गावाचं केंद्र ताडून पाहा. माझा आग्रह एवढाच आहे की प्रत्येक पक्षाच्या बूथवरच्या पोराने १७-सी ची प्रत न घेता घरी जाऊ नये. अनेक जण चहाला उठतात आणि ती तिथेच राहते.

११. व्हीव्हीपॅटच्या, म्हणजे मत दिल्यावर यंत्रात छापून पडणाऱ्या, चिठ्ठ्या मोजतात का?

प्रत्येक विधानसभा मतदारसंघातल्या पाच केंद्रांच्या मोजतात. ती केंद्रं चिठ्ठ्या टाकून निवडतात. सर्वोच्च न्यायालयाच्या एप्रिल २०१९ च्या आदेशाने हा आकडा पाच झाला.

१२. बातमीत नुसतं "गुलाबराव" किंवा "शिरीष चौधरी" लिहितात. नेमके कोणते?

आमच्याकडे हा घोळ खरंच होतो.

गुलाबराव पाटील शिवसेनेचे, जळगाव ग्रामीणचे आमदार. गुलाबराव देवकर त्यांचे प्रतिस्पर्धी. २००९ ला देवकर जिंकले होते, २०२४ ला ते तुतारीवर लढले आणि हरले.

एक शिरीष चौधरी रावेरचे, विधानसभेचे माजी अध्यक्ष मधुकरराव चौधरी यांचे चिरंजीव. दुसरे शिरीष चौधरी अमळनेरचे, २०१४ चे अपक्ष आमदार. त्यांना २०२४ ला राष्ट्रवादीच्या अनिल पाटलांनी हरवलं.

चंद्रकांत तिघे आहेत. मुक्ताईनगरचे चंद्रकांत पाटील, चोपड्याचे चंद्रकांत सोनवणे आणि नंदुरबारचे विधान परिषदेतले चंद्रकांत रघुवंशी. तिघंही शिवसेनेचेच, त्यामुळे आडनाव वाचल्याशिवाय बातमी पुढे पाठवू नका.

१३. २०२२ ला आमदारांनी बाजू बदलली, तेव्हा पोटनिवडणूक का झाली नाही?

पोटनिवडणूक जागा रिकामी झाली तरच होते. राजीनामा, मृत्यू किंवा अपात्रता, यांपैकी काहीच झालं नाही.

जून २०२२ मध्ये खान्देशातले शिवसेनेचे चारही आमदार, म्हणजे गुलाबराव पाटील, किशोर पाटील, चिमणराव पाटील आणि लता सोनवणे, एकनाथ शिंदे यांच्यासोबत गेले. त्यांनी पक्ष सोडला नाही, आपणच पक्ष आहोत असा दावा केला. फेब्रुवारी २०२३ मध्ये निवडणूक आयोगाने नाव आणि धनुष्यबाण शिंदे गटाला दिले आणि १० जानेवारी २०२४ ला विधानसभा अध्यक्षांनी अपात्रतेच्या याचिका फेटाळल्या. राष्ट्रवादीतही तसंच झालं. अमळनेरचे अनिल पाटील जुलै २०२३ मध्ये अजित पवारांसोबत मंत्री झाले.

मतदाराला या दोन वर्षांत कुणी काही विचारलं नाही, ही खंत मला मोठी वाटते. त्याला उत्तर द्यायची पहिली संधी नोव्हेंबर २०२४ ला मिळाली. पाचोऱ्यात किशोर पाटील यांच्यासमोर मशालीवर त्यांच्याच घरातल्या वैशाली सूर्यवंशी उभ्या होत्या. मतदारांनी किशोर पाटील यांना पुन्हा निवडलं. जळगाव ग्रामीण, चोपडा आणि एरंडोललाही धनुष्यबाणच आला.

१४. अपक्ष आमदार पक्षात गेला तर त्याची आमदारकी जाते ना? मग साक्री आणि मुक्ताईनगरला का गेली नाही?

नियम तुम्ही म्हणता तोच आहे. राज्यघटनेच्या दहाव्या अनुसूचीप्रमाणे (पक्षांतरबंदी) अपक्ष म्हणून निवडून आलेला सदस्य नंतर एखाद्या पक्षात दाखल झाला तर तो अपात्र ठरतो. पण पाठिंबा देणं म्हणजे दाखल होणं नव्हे. मंजुळा गावित आणि चंद्रकांत पाटील यांनी २०२२ ला शिंदे यांना साथ दिली, विधानसभेच्या दफ्तरी मात्र ते अपक्षच राहिले. पुढची निवडणूक पक्षाच्या निशाणीवर लढायला काहीच आडकाठी नसते.

१५. आमश्या पाडवी आधीच आमदार होते. मग विधानसभेला कसे उभे राहिले?

ते विधान परिषदेचे सदस्य होते. परिषदेत असताना विधानसभा लढवता येते, पण दोन्ही सभागृहांत एकाच वेळी राहता येत नाही. ते अक्कलकुव्यातून निवडून आल्यावर परिषदेतली जागा रिकामी झाली आणि मार्च २०२५ मध्ये तिथे चंद्रकांत रघुवंशी बिनविरोध निवडून आले.

१६. राखीव जागा किती, आणि त्या कधी बदलतील?

अनुसूचित जमातीसाठी सात: अक्कलकुवा, शहादा, नंदुरबार, नवापूर, साक्री, शिरपूर, चोपडा. अनुसूचित जातीसाठी एक: भुसावळ. उरलेल्या बारा खुल्या. राखीव जागेवर उमेदवार त्या प्रवर्गाचा हवा, मतदान मात्र सगळ्यांचं.

शहादा, शिरपूर आणि चोपडा २००९ पासून राखीव आहेत आणि तिथल्या बिगरआदिवासी नेत्यांना तेव्हापासून दुसऱ्या मतदारसंघाची वाट धरावी लागली. जयकुमार रावल २००४ ला शहाद्यातून आले होते, २००९ पासून ते शिंदखेड्याचे आमदार आहेत. जागांची नवी आखणी २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेवर व्हायची आहे. तोवर "आमचा मतदारसंघ खुला होणार" अशा बातम्यांवर विसंबू नका.

१७. वीस आमदारांत महिला किती?

एक. साक्रीच्या मंजुळा गावित. २०१९ ला दोन होत्या.

महिला उभ्याच राहत नाहीत असं म्हणू नका. २०२४ ला मुक्ताईनगरला रोहिणी खडसे, पाचोऱ्याला वैशाली सूर्यवंशी, जळगाव शहरात जयश्री महाजन आणि अक्कलकुव्यात हीना गावित जोरात लढल्या. रोहिणी खडसे २०१९ ला फक्त १,९५७ मतांनी हरल्या होत्या. लोकसभेला याच भागातून स्मिता वाघ, रक्षा खडसे आणि शोभा बच्छाव अशा तीन महिला निवडून आल्या. चारांपैकी तीन खासदार महिला आणि वीसांपैकी एक आमदार, हे चित्र मला बोचतं. विधानसभेतलं ३३ टक्के महिला आरक्षण कायद्यात आलं आहे, पण तेही नव्या जनगणनेला आणि आखणीला बांधलेलं आहे.

१८. खान्देशातून मंत्री किती झाले?

१५ डिसेंबर २०२४ च्या विस्तारात चार जणांनी शपथ घेतली: गिरीश महाजन, गुलाबराव पाटील, जयकुमार रावल आणि संजय सावकारे. आधीच्या मंत्रिमंडळातले विजयकुमार गावित आणि अनिल पाटील यांना या वेळी संधी मिळाली नाही.

१९. नोटाला (वरीलपैकी कोणीही नाही) सर्वांत जास्त मतं पडली तर? डिपॉझिट कधी जप्त होतं?

विधानसभेला नोटा पहिली आली तरी तिच्याखालचा उमेदवार निवडून येतो. डिपॉझिट वाचवायला वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं लागतात. रक्कम खुल्या प्रवर्गातल्या उमेदवाराला १०,००० आणि अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला ५,००० रुपये. जिंकलेल्या उमेदवाराचं डिपॉझिट परत मिळतंच.

२०. दोघांना सारखी मतं पडली, किंवा निकालच मान्य नसेल तर?

बरोबरी झाली तर निवडणूक निर्णय अधिकारी चिठ्ठी टाकतो आणि ज्याची निघेल त्याला एक मत जास्त धरतात.

निकाल जाहीर होण्याआधी उमेदवार किंवा त्याचा प्रतिनिधी फेरमोजणी लेखी मागू शकतो. ती द्यायची की नाही हे अधिकारी कारण नोंदवून ठरवतो. निकाल जाहीर झाल्यावर वाट एकच, निवडणूक याचिका. ती ४५ दिवसांच्या आत उच्च न्यायालयात दाखल करावी लागते. जळगाव, धुळे आणि नंदुरबारसाठी ते मुंबई उच्च न्यायालयाचं औरंगाबाद खंडपीठ. याचिका हरलेला उमेदवारच नव्हे, त्या मतदारसंघातला मतदारही करू शकतो. अर्ज कलेक्टर कचेरीत दिला आणि मुदत निघून गेली, असं सांगणारे मला दोघं भेटले आहेत. दिवस निकालाच्या तारखेपासून मोजा.

२१. हरलेला उमेदवार सत्ताधारी पक्षात गेला तर बलाबल बदलतं का?

विधानसभेतलं नाही. धुळे ग्रामीणचे माजी आमदार कुणाल पाटील २०२४ ला काँग्रेसकडून हरले आणि जुलै २०२५ मध्ये भाजपमध्ये गेले. सभागृहातला आकडा होता तोच राहिला. बदलला तो गावातला हिशेब. त्यांच्या घराण्यामागे तीन पिढ्या उभे राहिलेले कार्यकर्ते आता कुठे जातात, हे विधानसभेच्या तक्त्यात दिसत नाही. ते आधी जिल्हा परिषद, बाजार समिती आणि सोसायटीच्या निकालांत दिसतं. त्या निवडणुकांचे प्रश्नही बरेच आले आहेत, पण त्यांचे नियम वेगळे असल्याने ते इथे घेतलेले नाहीत.